पाचव्या वर्षाचे अकरा दिवस

हिवाळ्यातल्या एका सकाळी, सव्वासहाच्या सुमारास, निलंगा-लातूर रस्त्यावर एका कारने सायकलवरून दूध नेणाऱ्या माणसाला उडवलं. कार थांबली नाही. आठ वाजता तो तुरीच्या शेताच्या धुऱ्याला, बांधालगत सापडला, तेव्हा जिवंत होता. लातूरच्या वाटेवर रुग्णवाहिकेतच गेला. मागे बायको आणि दोन मुली.

मला पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बाकीच्या अपघातांच्या फायली पुसट झाल्या, ही नाही.

अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला. पंचनाम्यात हेडलाइटच्या काचेचे तीन तुकडे मिळाले. जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्यांना निरोप दिला. चौथ्या दिवशी मुरुडहून एका मेस्तरीचा फोन आला.

"साहेब, पांढरी गाडी आलीय. लाइट, बोनट दोन्ही बदलायचंय. विमा चालू हाय, तरी हा माणूस म्हणून राहिला, क्लेम नको, बिल बी नको. इथं आरसा फुटला तरी लोक क्लेमसाठी भांडतात."

तुकडे जुळले.

मालक चाळिशीचा, पंप दुरुस्त करणारा. कागदपत्रं मागितली, तर त्यानं प्लॅस्टिकची फाइल पुढे केली. ओळीनं पाच पॉलिसी. आमचे हवालदार म्हणाले, "लेकरांच्या दाखल्यांना बी मी इतकं जपलं न्हाई."

गाडी सेकंडहँड. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारा बोनस जुन्या मालकाचा, तो त्याच्याबरोबरच गेला. विम्याचा पहिला हप्ता ऐकून हा माणूस तीन एजंट फिरला. तिसऱ्यानं सांगितलं, पाच वर्षं क्लेम घेऊ नका, सूट वाढत जाईल. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा लातूरला असायचं. हप्ता परवडला तरच गाडी राहणार होती. पाचवं वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते.

दोन तास तो "जनावर आडवं आलं" एवढंच बोलला. खोट्याचे तपशील विचारत राहिलं की माणूस दमतो. मी विचारलं, "मागच्या सीटवर कोण होतं?"

"आई."

"तिचा जबाब घेऊ?"

तो खाली बघू लागला. "तिला नका बोलवू साहेब. ती म्हणाली व्हती, थांब रे, माणूस हाय. मी म्हणलं, वासरू व्हतं."

"तू पाहिलंस?"

"आरशात. हात वर केला व्हता त्यानं."

"मग थांबला का नाहीस?"

"केस झाली की क्लेम येणार, अन् बोनस जाणार."

पळून जाणाऱ्या चालकाला तुरुंगाचीच भीती असते, असं मी तोवर धरून चाललो होतो.

त्याच्यासमोरच त्या तिसऱ्या एजंटला बोलावून हे खरं का, विचारलं. "तसं न्हाई साहेब. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला तरच बोनस जातो. दुसऱ्याला लागलं तर भरपाई कंपनी देते, बोनसला हात लागत न्हाई. ह्यांनी कधी इचारलंच न्हाई."

"लागत न्हाई?" मालकानं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

त्या दिवशी ती कार सातला लातूरच्या रुग्णालयात पोहोचली होती. तिथल्या रजिस्टरमध्ये आईची नोंद आहे. मागच्या सीटवर आणखी एकाची जागा होती. तासाभरात आणलं असतं तर वाचण्याची शक्यता होती, असा वैद्यकीय अभिप्राय आला.

मालकाला शिक्षा झाली. मृताच्या पत्नीला भरपाई मिळाली. दोषारोपपत्राला विमा कंपनीचं उत्तर जोडलेलं आहे: अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती. स्वतःच्या नुकसानीचा एकही क्लेम नाही. गाडीमालक बोनसला पात्र.