शिक्केबाईंचे लंगोट

शिक्केबाईंना नसत्या चौकशांची भारी हौस. इस्पितळाच्या धुलाईघरात नव्या कापडांवर शिक्के मारायचं त्यांचं काम. चादरी, टॉवेल, बाळांचे लंगोट, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. हात चालत तसं तोंडही चाले. इस्त्रीच्या यंत्रात वाफ येते कुठून, नवा कारकून लग्नाचा आहे का, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. सुटली ती एकच गोष्ट. शिक्के मारलेला गठ्ठा भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे ढकलला की त्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी उभ्या हयातीत विचारलं नाही. पलीकडचं खातं दुसऱ्याचं, आपल्याला काय करायचंय!

नात झाली आणि बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. सुनेने जुन्या मऊ साडीचे लंगोट शिवले, तर बाईंनी खोडरबर कोरून फुलाचा शिक्का केला, कामावरची काळी शाई बाटलीत घालून आणली आणि प्रत्येक लंगोटाच्या कोपऱ्यावर फूल उमटवलं. शाई सुकली की लंगोट बाळाला. कौतुकाला नुसता ऊत आला होता.

मग पोरीचे ओठ निळे पडू लागले. नखंही.

काळजाचा दोष असेल म्हणून तिला इस्पितळात ठेवलं. तपासण्या झाल्या, काळीज ठणठणीत निघालं. तिथे पोर गुलाबी व्हायची, घरी आणली की पुन्हा जांभळी. मुलगा हबकून गेला, सून रडून अर्धी झाली. बाईंनी चूल पाहिली, पाण्याचं पिंप पाहिलं, भिंतीचा रंगसुद्धा नखाने खरवडला. असं घरात आहे तरी काय?

एके दिवशी पोर फारच मलूल झाली, तशी तिला पुन्हा इस्पितळात आणलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, तर ते लाल नव्हतंच, चॉकलेटी होतं. त्यांनी सुई बाजूला ठेवून विचारलं, "घरात रंग, बुटांचं पॉलिश, शाई, असलं काही बाळाच्या अंगाला लागतं का?"

बाईंना शाईची बाटली आठवली. गप्प राहता आलं असतं. पण पोर समोर धापा टाकत होती.

"शाई आहे," त्या म्हणाल्या. "मीच लावली. आपल्या धुलाईघरातली."

"मग लंगोट उकळले होते ना?"

"उकळायचे? कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी न रागावता सांगितलं. त्या शाईत ॲनिलीन होतं; कृत्रिम रंग ज्यापासून करतात ते विषारी रसायन. न उकळलेल्या शिक्क्यातून ते ओल्या कापडावाटे कातडीत शिरतं, मग रक्ताला प्राणवायू पोचवता येत नाही. म्हणूनच खिडकीपलीकडे प्रत्येक नवं कापड आधी उकळून धुतात.

सुनेने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि बाईंकडे पाठ फिरवली. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

औषधाची सुई आली, तीही गडद निळी. तशातही बाईंना राहवेना. "हे निळं कसं?"

"हाही रंगच. तुमच्या शाईच्या भाऊबंदांपैकी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हा रक्ताला ताळ्यावर आणतो."

तासाभरात पोरीच्या ओठांवर लाली चढली. तेवढ्यात सून किंचाळली, "आई, हे बघा!" लंगोट हिरवानिळा भिजला होता.

"औषधच आहे ते, लघवीवाटे बाहेर पडतंय," बाई म्हणाल्या.

सुनेने इस्पितळाचा नवा लंगोट उचलला. त्यावर बाईंच्या हातचा शिक्का पाहून तिचा हात थबकला. "हा उकळलाय?"

नक्कीच उकळला असणार. पण आता 'असणार' म्हणायची बाईंना छाती होईना. "विचारून येते," म्हणत त्या तरातरा गेल्या.

खिडकीपलीकडचा भट्टीवाला चकित झाला. "बाई, तुम्ही आणि इकडे?"

"बडबड पुरे. लंगोट कसे उकळतोस, दाखव."

त्याने झाकण उचललं. वाफेने चेहरा भाजला तरी बाई वाकून पाहत राहिल्या. कढई झाली, खळबळणं झालं, पिळणं झालं, सगळं पाहून घामाघूम होऊन त्या परतल्या.

"उकळतात. डोळ्यांनी बघून आले."

सुनेने तो लंगोट बाईंच्या हातात दिला. मग तिने उघडी पोर अलगद त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्हीच बांधा," ती म्हणाली.