पाऊण मीटर मखमल

मास्तरांच्या चिंध्यांच्या पोत्यात उंदरालाही अंथरूण मिळायचं नाही, असं कारखान्यात सगळे म्हणत. आणि ते खोटं नव्हतं. बावीस वर्षं मास्तर त्याच लांब टेबलापाशी उभे राहून कोटा-जाकिटांचं कापड कापत आले होते. कागदी साचे कापडावर असे मांडायचे, की बाहीला कॉलर खेटलेली आणि कॉलरच्या खाचेत खिशाचं झाकण अलगद बसलेलं. मध्ये दोन बोटं जागा फुकट गेली तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

अशा माणसाच्या पोटात दुखायचं कारण काय? ते कारण तीन वर्षांपूर्वी कामाला लागलं होतं आणि चष्मा लावत होतं.

चष्मेवालीला कात्री कशी धरायची हेही ठाऊक नव्हतं. मास्तरांनीच तिला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात तिचा तळहात मखमलीवर ठेवून म्हणाले होते, "ही बघ, ही कापडाची लव. वरून खाली हात फिरवला की मऊ लागते, उलटा फिरवला की अडते. सगळे तुकडे एकाच अंगाने मांडायचे. एक जरी उलटा बसला तरी शिवल्यावर अर्धं जाकीट काळं दिसेल नि अर्धं करडं. जास्त कापड जाईल, जाऊ दे. मखमलीत कंजूषपणा नाही." तिने ते वहीत लिहून घेतलं. मास्तरांना तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

मग परदेशी खरेदीदार बाई आल्या. चिंध्यांचं पोतं बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, इतकं कमी कापड वाया जातं ते कसं? प्रश्न मास्तरांना कळला. छाती पुढे आली, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मागून चष्मेवाली म्हणाली, "वी कट द क्लॉथ इकॉनॉमिकली, मॅडम." बाई खूश झाल्या, त्यांनी हात मिळवला. कुणाशी? चष्मेवालीशी! बावीस वर्षं पोतं लहान ठेवलं कुणी आणि शेकहँड कुणाला!

त्या दिवसापासून मास्तरांना तिचं काही म्हणजे काही बघवेना. तिची धार लावलेली कात्री बघवेना, तिचा सरळ खडू बघवेना, डबा उघडताना तिच्याभोवती बसणाऱ्या चार बायका बघवेनात. लोक तिला 'बाई, हे कसं वाचायचं?' म्हणून कागद दाखवत आणि मास्तरांना फक्त टेबल पुसायचा फडका मागत. निदान त्यांना तरी तसं वाटे.

त्यात मालकांनी जाहीर केलं, की कटिंगचे मुख्य महिनाअखेर निवृत्त होतायत. पुढच्या खेपेला मॅडमसमोर दोघांनीही मखमलीवर साचे मांडायचे आणि काम इंग्रजीत समजावून सांगायचं. ज्याचं सरस, तो मुख्य. मास्तरांना ती खुर्ची हवी होती. पगारापेक्षाही, त्या चष्म्याने आपल्याला 'सर, सही करा' म्हणावं म्हणून हवी होती.

घरी आल्या आल्या त्यांनी कॉलेजातल्या मुलीला गाठलं. "मला ते वाक्य शिकव."

"कुठलं?"

"काटकसरीचं. वी कट इकॉनॉमिकली द क्लॉथ."

"बाबा, तो शब्द मध्ये नाही कोंबायचा. वाक्याच्या शेवटी ठेवा. काय केलं ते आधी सांगा, कसं केलं ते नंतर."

"बरं. आणि ते 'चीपली'? ते सोपं आहे की. पैसे कमी, म्हणजे चीपली."

"अजिबात नाही!" मुलीने कपाळाला हात लावला. "चीपली म्हणाल तर काम हलक्यात उरकलं, असं होईल. इकॉनॉमिकली म्हणजे वाया काही घालवलं नाही, पण मालही बिघडवला नाही. तुम्ही करता ते."

मास्तरांनी आरशासमोर, भाजी चिरता चिरता, आंघोळ करता करता ते वाक्य घोकलं. बायको शेवटी म्हणाली, "अहो, पुरे! आता भिंतीसुद्धा इकॉनॉमिकली बोलायला लागतील."

परीक्षेच्या सकाळी दोघांना सारखीच मखमल मिळाली. मास्तरांनी नेहमीसारखे साचे मांडले आणि शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिची मांडणी त्यांच्याच लांबीची होती! अगदी तेवढीच! अंगाचा तिळपापड झाला. पोरगी बोलण्यात पुढे होतीच, आता हातातही बरोबरीला आली?

त्यांनी एक बाही उचलली आणि उलटी फिरवली. ती जाकिटाच्या पाठीच्या तुकड्याला कशी चपखल खेटली! मग दुसरी बाही, मग खिसे. एवढ्याने काय दिसणार, त्यांनी स्वतःलाच सांगितलं, आणि दिसेल तेव्हा बघू. पट्टी लावली तेव्हा पाऊण मीटर कापड वाचलं होतं.

मालकांचे डोळे चमकले. मॅडमनी विचारलं, "हाऊ?"

"आय कट द क्लॉथ इकॉनॉमिकली," मास्तर म्हणाले. एक अक्षर अडखळलं नाही. टाळ्या पडल्या आणि शेकहँड या वेळी त्यांचा झाला.

चष्मेवालीने टाळी वाजवली नाही. ती टेबलापाशी आली आणि खडूने आखलेल्या बाहीवरून तिने तळहात फिरवला, वरून खाली. हात अडला. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग जागेवर जाऊन बसली. मालक दहा पावलांवर होते. तिने 'साहेब, जरा बघा' एवढं म्हटलं असतं तर खुर्ची तिची होती. ती बोलली नाही. मास्तरांना आता तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटला, कारण तिच्या जागी ते असते तर पळत गेले असते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. तोवर पोरांनी मखमलीचे साठ थर घालून वर मास्तरांची मांडणी पसरली. कापायचं यंत्र चष्मेवालीच्या हातात होतं. मालक आणि मॅडम बघायला उभे राहिले.

"मास्तर, चालू करू?" तिने विचारलं.

साठ जाकिटं. बावीस वर्षांत मास्तरांनी एक कापड वाया घालवलं नव्हतं.

"करू का?"

"थांब!" मास्तर ओरडलेच. "बंद ठेव ते!" मग मॅडमकडे वळून, घोकून ठेवलेलं सगळं विसरून म्हणाले, "नॉट इकॉनॉमिकली, मॅडम. आय डिड इट चीपली." आणि चष्मेवालीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "शी कट इकॉनॉमिकली."

मॅडमना सगळं कळायला दोन मिनिटं लागली. मालकांना तेवढीही लागली नाहीत.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "बाबा, वाक्य जमलं का?"

"दोन्ही जमली," मास्तर म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

पहिल्या तारखेपासून चष्मेवाली मुख्य झाली. मास्तरांचा हेवा त्यामुळे कमी झाला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने कधी मनापासून हेवा केलेला नाही. पहिल्याच दिवशी तिने मखमलीची मांडणी केली आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "मास्तर, तुम्ही हात फिरवल्याशिवाय मी सही करणार नाही."

मास्तर गेले. बाह्या, कॉलर, खिसे, एकेका तुकड्यावरून त्यांनी सावकाश तळहात फिरवला. एक तरी उलटा सापडावा, एकच, लहानसा का असेना, असं त्यांच्या मनात होतं. शेवटच्या खिशापर्यंत हात कुठेही अडला नाही. शिकवलं त्यांनीच होतं आणि फार नीट शिकवलं होतं, हेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

"कर सही," ते म्हणाले.