मागनं येतो

आमच्या तळ्यावर येणारे परके गिर्यारोहक होनोराताला हसतात. ऊन कलायला लागलं की ही बाई चुलीवरचं सूप तसंच सोडते, डोक्यावरची टोपी घट्ट करते आणि तळ्याच्या तोंडाशी जो दगडांचा ढीग आहे त्यावर जाऊन उभी राहते. सकाळी वर गेलेली माणसं मोजते. एक जरी कमी भरला तरी दोर आणि कंदील घेऊन स्वतः निघते. मग तो बाबा कुठल्या तरी दगडाआड फोटो काढत बसलेला सापडतो, आणि होनोराता त्याला आमच्या भाषेत अशा काही शिव्या घालते की त्याला त्या कळत नाहीत हेच बरं. परवा एक जण मला म्हणाला, तुमची स्वयंपाकीण फारच भित्री दिसते. मी म्हटलं, तू आधी सूप गिळ, निवतंय.

मी गाढवं हाकते. रुरिकोचाला, म्हणजे या आमच्या तळ्याला, जाणारे तंबू, भांडी, बटाटे, सगळं माझ्याच गाढवांच्या पाठीवरून वर जातं. होनोराता माझी शेजारीण. पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आली तेव्हा आमच्या बायका म्हणाल्या, ही टिकायची नाही, हिला साधा बटाटा निवडता येत नाही. वर्षभरात तिनंच आम्हाला सांगायला सुरुवात केली, की तुमचं बियाणं कसं किडकं आहे. तोंड असं, की कुत्रंसुद्धा तिच्या दारासमोर भुंकताना विचार करायचं.

नवरा सोसिमो. तो आधी माझ्यासारखाच गाढवं हाकायचा, मग दोर धरायला शिकला आणि वाटाड्या झाला. डावखुरा होता, त्यामुळे त्याच्या गाठी सगळ्या उलट्या. त्यानं बांधलेलं ओझं सोडवताना आम्ही रडकुंडीला यायचो, नखं तुटायची. सुटायच्या त्या फक्त होनोराताला. ती म्हणायची, "अख्ख्या खोऱ्यात एकच माणूस उलटा, तो नेमका माझ्या पदरात पडला." आणि तो म्हणायचा, "म्हणून तर संसार टिकलाय. दुसऱ्या कुणाला सुटतच नाही." असं त्यांचं दिवसभर चालायचं. मूलबाळ नव्हतं. सोसिमोची म्हातारी आई बासिलिया घरात होती, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि या दोघांचं भांडण ऐकणं हीच तिची करमणूक होती.

तळ्याला दोन वाटा आहेत. एक पुढची, काठाकाठानं जाणारी. तिच्यावरून माझी गाढवंही जातात. दुसरी तळ्याच्या पाठीमागची, बर्फाखालच्या कड्यावरून. तिथं दोर लावून चालावं लागतं आणि दगड सुटतात. शिखरावरून उतरणाऱ्याला ती जवळची पडते, पण पाहुण्यांना तिकडून कुणी आणत नाही.

त्या वर्षी हंगामाची शेवटची तुकडी होती. दोन परदेशी बायका, सोसिमो, आणि त्याचा चुलतभाऊ तेओदुलो. पहाटे निघताना होनोराता चूल फुंकत होती, मी गाढवांवर घोंगड्या टाकत होते. सोसिमो कमरेला दोर गुंडाळत म्हणाला, "होनोराता, आज मी मागनं येतो. बाकीच्यांना वाढून घे."

"ये की मागनं," ती म्हणाली, "पण तळाचं सूप मिळेल. बटाटे संपलेले असतील."

"बटाट्यांसाठी केलंय का लग्न?"

"मग कशासाठी केलं होतं?"

तो हसत गेला. एवढंच बोलणं झालं.

आता मला सांगा, "मागनं येतो" म्हटल्यावर कुणीही काय समजेल? नंतर येतो. उशिरा येतो. आपल्या तोंडात हा शब्द दिवसातून दहादा असतो. शिखरावरही त्यानं तेओदुलोला तेच सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं, मी मागनं येतो." तेओदुलोला वाटलं, हा वरचे दोर गुंडाळून आमच्या पाठोपाठ येईल. त्यानं बायकांना घेतलं आणि पुढच्या वाटेनं खाली आला.

होनोरातानं तिघांना वाढलं. एक वाडगं झाकून चुलीच्या कडेला ठेवलं. तेओदुलो सारखा वर बघत होता, तर तीच त्याला म्हणाली, "बस की निवांत. सांगून गेलाय, मागनं येतो म्हणून." अंधार पडायला लागला तेव्हा मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आम्ही सगळे कंदील घेऊन निघालो, हाका मारत, पुढच्या वाटेनं, थेट बर्फाच्या पायथ्यापर्यंत. सगळी वाट पालथी घातली. परत आलो, पुन्हा गेलो. वारा असा होता की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं.

उजाडताना तेओदुलो एकदम खाली बसला. आधीच्या आठवड्यात मागच्या कड्यावर लावलेले दोर हंगाम संपायच्या आत काढायचे होते, हे त्याला तेव्हा आठवलं. सोसिमो मागनं येतो म्हणाला होता तो मागच्या वाटेनं. तो शब्द मी, होनोराता, तेओदुलो, तिघांनी ऐकला, आणि तिघांनीही एकच अर्थ घेतला.

तो सापडला तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, कड्याखालच्या एका सपाट दगडावर. गार पडलेला. त्या दगडावरून आमची चूल समोर दिसते. तळ्यावरून सरळ, आड काही नाही. चूल दिसते, तर कंदीलही दिसलेच असणार, आणि ते कुठल्या बाजूला चालले होते तेही. आमच्यातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. कुणी बोलत नाही. आता आमच्या तळ्यावर "मागनं" हा शब्दच कुणी वापरत नाही. उशिरा येतो म्हणायचं, नाहीतर कड्यानं येतो म्हणायचं. कुणी चुकून बोललाच तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की बिचारा घास गिळायचा थांबतो.

होनोरातानं तेओदुलोला एकच विचारलं. "भावजी, पडला तेव्हाच गेला ना?"

"तेव्हाच, वहिनी," तेओदुलो म्हणाला. "डोकं आपटलंय. त्याला कळलंसुद्धा नसेल."

त्या वाक्यावर ती जगली. खरंच सांगते, दुसरं काहीही तिच्या पोटात जात नव्हतं. भेटायला येईल त्याला तेच सांगायची, पडला तेव्हाच गेला, कळलंसुद्धा नाही त्याला. कुणी रडायला लागलं तर हीच त्याची समजूत काढायची. पुरून आलो त्या दिवशी तिनं भाजलेला मका हातात घेतला आणि चार दाणे चावले, तेव्हा मी मनात तेओदुलोला आशीर्वाद दिला. खरं असो, खोटं असो, माणूस जगलं पाहिजे.

पाचव्या दिवशी आमच्यात गेलेल्याचे कपडे नदीवर धुतात. मरताना अंगावर होतं त्यातलं काही फेकायचं नाही, जाळायचं नाही, त्याआधी सगळं धुवायचं. एक चिंधी जरी न धुता राहिली तरी गेलेला माणूस तिला शोधत फिरतो म्हणतात. तेओदुलोनं त्याला उचलताना जे काढलं, कापलं, ते सगळं या भीतीपोटी गाठोड्यात बांधून आणलं होतं. गाठोडं पाच दिवस कोपऱ्यात पडून होतं. त्यात आपण काय बांधलंय याचा विचार करायचं त्याला सुचलं नाही. त्याचाही भाऊच गेला होता.

सकाळचं ऊन आलं होतं. माणसं काठावर बसून कोकाची पानं चघळत होती. म्हातारी बासिलिया उन्हात घोंगडी पांघरून बसली होती. होनोराता गुडघाभर पाण्यात उभी राहून गाठोड्यातला एकेक कपडा काढून आमच्या हातात देत होती. सदरा दिला. मोजे दिले. मग पॅन्ट निघाली, तिचा एक पाय खालपासून गुडघ्यापर्यंत सुरीनं नीट फाडलेला. आणि मग पट्टा निघाला.

लग्नासाठी तिनंच विणलेला तांबडा पट्टा होता तो. एका जागी कापलेला, रक्तानं कडक झालेला, आणि दुसऱ्या बाजूला गाठ तशीच.

तेओदुलो घाईघाईनं म्हणाला, "तो मी बांधला होता, वहिनी. खाली आणताना पाय लोंबत होता म्हणून."

तिनं पट्टा उलटा धरला, अंगठा आत घातला, आणि ती गाठ सोडली. सहज सुटली. इतकी वर्षं ती सोडत आली होती तशीच. सोसिमोच्या तसल्या गाठींवर मी किती नखं मोडली असतील, मला लांबूनही ती ओळखू आली.

मेलेला माणूस आपला मोडका पाय बांधत नाही.

तिनं तेओदुलोकडे पाहिलं. तेओदुलो हातातल्या साबणाकडे बघत राहिला. मी सदरा दगडावर टाकला आणि पुढे झाले, मला वाटलं ही आता पाण्यातच कोसळणार.

"बरं केलंस, भावजी," ती म्हणाली. आणि पट्टा पाण्यात बुडवून चोळायला लागली.

काठावरून म्हातारीनं हाक दिली. "होनोराता, गप्प का झालीस गं? काय निघालं?"

"पट्टा, आई."

"तू विणलेला?"

"हो."

म्हातारीनं अंगावरची घोंगडी बाजूला सारली. मग म्हणाली, "इकडे ये. माझ्याजवळ बस. आता मला खरं सांग बाई, मला सगळे आंधळी म्हणून गोंजारतात. माझं लेकरू पडून होतं का गं तिथं? वाट बघत होतं का?"

नदीवरचे सगळे हात थांबले. तेओदुलोनं मान वळवली. होनोराता पाण्यातून वर आली, म्हातारीपाशी जमिनीवर बसली, आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "नाही, आई. पडला तेव्हाच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. "सुटला माझा बाळ," असं पुटपुटत तिनं चाचपडत सुनेचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. धरून ठेवला. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, मग तू एवढी थरथरतेस कशानं?"

"पाणी फार गार आहे, आई," होनोराता म्हणाली.