आजची दोन अक्षरं

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. शेजारच्या खाटेवर सुलभाताई असतात, निवृत्त शिक्षिका. डाव्या हातात सुया टोचलेल्या असताना उजव्या हाताने त्या मोडी लिपी गिरवतात. त्यांना मोडीची परीक्षा द्यायची आहे. दोनदा फॉर्म भरला, आणि दोन्ही वेळा ऐन परीक्षेच्या दिवशी तापाने झोपून होत्या.

काल त्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. जरा बरं वाटल्यावर त्या मला म्हणाल्या, "वही धरता का जरा?"

मी धरली. त्यांनी दोन अक्षरं लिहिली आणि त्यांचा हात खाली पडला.

"राहू द्या ना आता," मी म्हटलं.

"राहूच देते. फार दमले." त्यांनी डोळे मिटले. "उद्याही दमलेलीच असणार. म्हणून आजची दोन उरकली."

जिद्दीची माणसं ताठ मानेची असतात, असं मला वाटायचं. इथे नुसता थकवा होता. फक्त त्या थकव्याला विचारून काही ठरवायचं नाही, एवढा नेम होता.

मशीन थांबलं. नवऱ्याला आधार देऊन उठवताना मनात आलं, मला काय करायचं होतं हे गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलं नाही. मीसुद्धा.