पॉइंट सहा दोन पाच

"सुमनमावशी गेली," लातूरहून मावसभावाचा फोन आला. "कुठं?" मी विचारलं. पन्नाशीला टेकलेला माणूस असलं काही विचारतो, यावरून गणितात माझी गती काय असेल ते ओळखावं. आईची ही धाकटी बहीण लातूरला शिकवणीत गणित शिकवायची, आणि दहावीला मी तिच्याच वर्गात होतो.

भूकंपाला काही महिने झाले होते, पण जमीन अजून अधूनमधून हलायची. शिकवण्यांचं पेव नुकतंच फुटलं होतं. जागा मिळेल तिथं वर्ग. मावशीचा वर्ग एका दुकानाच्या माडीवर. पन्नासेक पोरं आणि उतरायला एकच लोखंडी जिना, तोही एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. शेजारच्या शिकवणीत कुणीतरी नुसतंच "हललं!" म्हणून ओरडलं, पोरं जिन्याकडं धावली आणि चेंगराचेंगरीत एका मुलीचा हात मोडला. दुसऱ्या दिवसापासून तास सुटला की मावशी दारात उभी. प्रत्येकाला एक दशांश अपूर्णांक सांगायची. त्याचा साधा अपूर्णांक करायचा, तोही अगदी संक्षिप्त, मगच पायरीवर पाय. "पॉइंट पाच?" "एक छेद दोन." "जा." आम्ही तिला मागून जकातनाका म्हणायचो.

आणि एका दुपारी फळाच भिंतीवर आपटायला लागला. पत्रे खडखडले, सगळा वर्ग एकदम उठला... मावशी आमच्याआधी दारात पोचली होती, दोन्ही हात चौकटीवर.

"बाकाबाकानं या. पॉइंट पाच?"

"एक छेद दोन!"

"जा. पॉइंट दोन?"

"एक छेद पाच!" पोरगी रडत रडत म्हणाली.

"जा."

माझा नंबर आला. मावशीनं जिन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पॉइंट सहा दोन पाच."

पुढच्या सगळ्यांना एकेक आकडा आणि सख्ख्या भाच्याला तीन!

"सहाशे पंचवीस छेद हजार!"

"भाग जातो."

"मावशे, भिंत फाटून राहिली!"

"भिंतीचं मी बघते. पाचानं भाग दे."

"एकशे पंचवीस छेद दोनशे!"

"अजून जातो."

डोक्यावर चुना पडत होता. मागून कुणीतरी माझा शर्ट धरून हुंदके देत होतं. "पंचवीस छेद चाळीस..." "अजून." "पाच छेद आठ!"

"आता जातो का भाग?"

"न्हाई!"

"मग जा तू."

जिना मी कसा उतरलो ते आठवत नाही. मागची सगळी पोरं उतरली आणि शेवटी मावशी, हातात कुणाचीतरी राहिलेली चप्पल. कुणाला फारसं लागलं नव्हतं. मी मात्र कितीतरी दिवस तिच्याशी बोललो नाही. बाई मला मारायला निघाली होती, असंच घरभर सांगत फिरलो.

पुढं माझी लेक नांदेडहून शिकायला लातूरला तिच्याकडं राहिली, तेव्हा सोडायला गेलो आणि चहा पिता पिता मावशीला त्या तीन आकड्यांवरून टोमणा मारलाच.

"अरे येड्या," मावशी म्हणाली, "तुझ्या पुढची पोरगी जिन्यात पडली होती. पाय अडकला होता तिचा. तू उतरला असतास तर मागचा लोंढा तिच्या अंगावर गेला असता. जिना मोकळा असला की पॉइंट पाच, अडला की मोठा आकडा."

"पण नेमका मीच?"

"तुझाच नंबर आला म्हणून जमलं रे." तिनं कप खाली ठेवला. "भिंत हालून राहिलेली. दुसऱ्याचं लेकरू असतं तर माझ्या तोंडून मोठा आकडा निघाला नसता..."

मग ती बराच वेळ पदराच्या टोकानं चष्मा पुसत राहिली.

तेराव्याला मावशीच्या घरी जेवणं आटोपली, निरोप झाले. लेक पिशवी घेऊन पुढं झाली. मी उंबऱ्यापर्यंत आलो, आणि पाय आपोआप थांबला. या दारातही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडत नसे. दूधवाल्यालाही पॉइंट पंचवीस विचारून झालेलं. आज चौकटीला कुणाचा हात नव्हता. सहाशे पंचवीस छेद हजार... एकशे पंचवीस छेद दोनशे...

"बाबा, चला ना! नांदेडची गाडी जाईल."

"थांब," मी म्हणालो. "अजून भाग जातोय."