वामनराव वकिलांच्या मोटारीची खांदमळणी

आमच्या अंबापेठेत तेव्हा मोटारी तीन. दोन रस्त्यावर धावायच्या. तिसरी वामनराव वकिलांची, ती नुसती पुसली जायची.

धामणगावच्या एका कापूसवाल्या शेटकडून त्यांनी ती जुनी घेतली. तेव्हापासून रोज सकाळी पंचा नेसून हे गृहस्थ अंगणात हजर. आधी मोरपिसांच्या कुंच्यानं धूळ झाडायची, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, तेही एकाच दिशेनं. मग घरी केलेलं पॉलिश, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण. ते बोटानं लावायचं, वाळू द्यायचं आणि मलमलीनं घासत बसायचं. देवाला एक पळी पाणी आणि मोटारीला दोन तास! वर कुंपणावरून मला हाक मारायची, "वच्छलाबाई, पाहा, मिशी दिसून राहिली मिशी!" आता मिशी पाहायला घरात आरसा नव्हता का?

त्यांची बायको गोदावरी माझी मैत्रीण. तिचं माहेर वलगावला, दोन-अडीच कोसांवर. वडील गेलेले. आई मनकर्णाबाई एकटीच शेत सांभाळायची, डोळ्यांनी अधू. मोटार आल्यापासून तीन वर्षांत गोदावरीनं माहेरी एक रात्र काढली नव्हती. बैलगाडीनं जाते म्हटलं, तर दारात मोटार असून वकिलाची बायको गाडीनं जाते, लोक काय म्हणतील? मोटारीनं न्या म्हटलं, तर उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात दवानं म्हणे पॉलिश पांढरं पडतं!

"मले फक्त एक रात्र आईपाशी राहाचं आहे व," असं म्हणून ती माझ्यापाशी रडायची.

शेवटी मीच तोंड सोडलं. "वकीलसाहेब, म्हातारीले दिसनं बंद झाल्यावर लेकीचं तोंड दाखवान काय?" तेव्हा कुठे गृहस्थ वरमले. पोळ्याच्या आदल्या दिवशी जायचं, एक रात्र राहायचं, असं कबूल केलं. चार दिवस उघाड होती. मला बरोबर घेतलं, पण ते पॉलिशचा डबा मांडीवर धरायला! मोटार इतकी जपून हाकली, की दोन बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. वाटेत दोनदा उतरून पुसलीसुद्धा.

वलगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि खांदमळणी चालू होती. वर्षभर जू ओढून रापलेल्या बैलांच्या खांद्यांना त्या दिवशी हळद-लोणी चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. मनकर्णाबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, लेकीला कवटाळलं आणि चाचपडत मोटारीजवळ आल्या. भरल्या हातानं त्यांनी चाकावरच्या काळ्याभोर पत्र्याला लोणी चोळलं.

"माया लेकीले घेऊन आली माय! आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"अहो, हात काढा!" वामनराव किंचाळले. "हळद चढली तर रंग गेला! तीन वर्षांची मेहनत आहे माझी!"

म्हातारीचा हात तसाच अधांतरी राहिला. तिला काय चुकलं तेच कळेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण जावयाला त्याच्या सासूच्या दारात बोलायचं कसं?

"गोदावरी, बस मोटारीत. आत्ताच्या आत्ता घरी जाऊन धुवावी लागते."

"तुमी रात्र राहाचं कबूल केलं होतं."

"पुढच्या वर्षी राहू."

आणि ती बसली हो! इतक्या वर्षांची सवय. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं. वामनरावांनी घाईघाईनं मोटार वळवली, ती सरळ विहिरीकडच्या काळ्या चिखलात. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल टपापर्यंत उडाला आणि मोटार पोटापर्यंत रुतली.

"नत्थुजी, बैलं आण!" वामनराव सासूच्या सालदार गड्यावर ओरडले.

"जमत नाही, जावईबापू," नत्थुजी शांतपणे म्हणाला. "खांदे मळले. आज जू नाही ठेवत, उद्या पोळा. परवा सकायी पाहू."

"सगळ्या गावात एक जोडी मिळत नाही?"

"गावात आज कोनाचीच नाही मिळत."

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. "गोदावरी, तुझ्या घरचे बैल आहेत. तू सांग त्याले."

नत्थुजीनं मान खाली घातली. घरच्या लेकीनं शब्द टाकला असता तर तो मोडणं त्याला जड गेलं असतं. गोदावरी दार उघडून खाली उतरली. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले.

"नाही जुंपाचे," ती म्हणाली. "त्याहिले सालातून दोन दिवस सुट्टी आहे. मले तीन सालात एक नाही भेटली."



ती आईचा हात धरून घरात गेली. थोड्या वेळानं मनकर्णाबाईच दारात आल्या. "जावईबापू, पाय धुऊन घ्या, पानं वाढली."

वामनराव चिखलातच उभे होते. त्यांनी विचारलं, "मोटारीवर टाकायला एखादं गोणपाट आहे का?"

आत गोदावरीनं पहिला घास घेतला होता. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.