काळा क्रॉस

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या सेलला कोणीतरी पितळेला पॉलिश लावत होतं आणि त्या उग्र वासानं मला आमचे जुने शेजारी आठवले. मला जुनी जर्मन मेडल्स जमवायचा नाद आहे. पुण्यात शिकलेली जर्मन तेवढ्यापुरतीच उपयोगी पडते. माझा हा नाद कळल्यावर ते शेजारचे इंग्रज आजोबा एका दुपारी आमच्या किचनमध्ये आले आणि टेबलावर त्यांनी एक छोटा काळा क्रॉस ठेवला. पॉलिशनं घासघासून त्यांची बोटं दुखत होती, पण काळेपणा निघत नव्हता. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात एका तरुण जर्मन सैनिकाला मारलं होतं आणि हा क्रॉस त्याच्या खिशात सापडला होता. "मरताना डॅड म्हणाले, हे त्याच्या घरी पोचव. त्याला कशाबद्दल मिळालं असेल?" मी क्रॉस उजेडात धरला. लढलेल्यांच्या क्रॉसवर असतात तशा तलवारी त्यावर नव्हत्या. "हा मळ नाही, रंगच काळा आहे," मी म्हटलं. "आणि हा त्याचा नाही. आधीच्या, पहिल्या महायुद्धात ज्यांचा नवरा किंवा मुलगा गेला, त्यांना असा काळा क्रॉस देत." "म्हणजे त्याच्या आईचा?" "बहुतेक." त्यांनी क्रॉस माझ्या हातातून घेऊन उलटा केला. मग म्हणाले, "म्हणजे तिचा नवरा आधीच गेला होता." मागे नाव कोरलेलं नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नव्हतं. क्रॉस तिथेच ठेवून ते घरी गेले आणि त्याच हिवाळ्यात वारले. नंतर ते घर शोधायला मी जर्मनीतल्या संग्राहकांना फोटो पाठवत राहिलो. सगळ्यांचं उत्तर एकच, असे क्रॉस तिकडे घरोघरी होते. आता मी विचारणं सोडलं आहे.